सिलिंडरचे गोळे झाले, हे डेटात कसं ओळखायचं

काही पॉलिमरमध्ये आत नॅनोमीटरच्या मापाचे सिलिंडर असतात आणि तापवल्यावर त्यांचे गोळे होतात. हे एसएएक्सएसनं कळतं, म्हणजे क्ष-किरण नमुन्यातून अगदी लहान कोनांत कसे विखुरतात ते मोजून. आमच्या वरूडकडच्या कॉलेजात त्याचं यंत्र नाही. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांच्या मोठ्या स्रोतावर) सोय आहे, पण तिथं वेळ मोजका मिळतो. म्हणून पोरांनो, आलेख वाचायला इथूनच शिकून जा.

नमुना चिकटपट्टीच्या गोंदात असतो तोच घ्या: स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन. यात स्टायरीन आणि आयसोप्रीनच्या साखळ्यांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, एकमेकांना जोडलेले असतात. दोन्ही ब्लॉक एकमेकांत मिसळत नाहीत, आणि रासायनिक बंधामुळे लांबही जाऊ शकत नाहीत. स्टायरीन कमी असेल तर तिचे सिलिंडर षटकोनी मांडणीत उभे राहतात. तापवलं की दोन्ही ब्लॉकमधली ही न मिसळण्याची ओढ कमी होते. ठरावीक प्रमाणाच्या नमुन्यात सिलिंडर तुटून गोळे होतात आणि बीसीसी जाळीत (घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध एक, अशा मांडणीत) बसतात. आणखी तापवलं की सगळी मांडणीच मोडते.

नमुना टोल्युइन या द्रावकात विरघळवून त्याची फिल्म काढा. मे महिन्यात आपल्याकडे ते पाहता पाहता उडतं, म्हणून फ्यूम हूडमध्ये झाकण ठेवून सावकाश उडू द्या. मग व्हॅक्यूममध्ये १०० अंश सेल्सिअसच्या बऱ्याच वर अ‍ॅनील करा, म्हणजे तापवून ठेवा, कारण त्याखाली पॉलिस्टायरीन काचेसारखं गोठलेलं असतं. अँटिऑक्सिडंट विसरू नका. आयसोप्रीन हवेत तापवलं की खराब होतं.

आता आलेख. आडव्या अक्षावर q, म्हणजे विखुरण्याच्या कोनाचं माप, प्रति नॅनोमीटरमध्ये असतं; उभ्या अक्षावर तीव्रता. पहिलं शिखर ०.२५ प्रति नॅनोमीटरवर आलं, तर २π भागिले ०.२५, म्हणजे सुमारे २५.१ नॅनोमीटर. हे दोन सिलिंडरमधलं अंतर नव्हे, ओळींमधलं आहे. षटकोनी लावलेली संत्र्याची बाग आठवा: झाडं ६ मीटरवर असली तरी ओळी ५.२ मीटरवर येतात. म्हणून २ भागिले √३ नं गुणा. सिलिंडरमधलं अंतर २९ नॅनोमीटर निघतं.

बहुतेक जण पहिल्या शिखरावर डोळा ठेवून बसतात, आणि तिथंच फसतात. गोळे सिलिंडरच्याच रेषेवर तयार होतात, म्हणून ते शिखर जवळपास जागेवरच राहतं. पहिल्या शिखराच्या √३, २ आणि √७ पटींवरची शिखरं तर दोन्ही रचनांत येतात. खरा साक्षीदार √२ चा. वरच्या उदाहरणात ०.३५४ च्या आसपास बघा. षटकोनी रचनेत तिथं काहीच नसतं. गोळ्यांची जाळी बसली की तिथं शिखर उगवतं. ते बारीक असतं, म्हणून उभा अक्ष लॉगमध्येच काढा.

तापमान पायरीपायरीनं चढवा, बदलाच्या जवळ पायऱ्या लहान करा आणि प्रत्येकीवर नमुना स्थिरावू द्या. मग तसंच उतरवा. उतरताना बदल थोड्या खालच्या तापमानाला दिसेल, ते स्वाभाविक आहे. पण √२ चं शिखर गेलंच नाही, तर घाईनं निष्कर्ष लिहू नका, आधी जास्त वेळ थांबून बघा.

जमलं तर रिओमीटरवरही (नमुना मागेपुढे सरकवून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. स्ट्रेन, म्हणजे नमुना किती सरकवता ते, अगदी कमी ठेवा, नाहीतर सिलिंडर एका दिशेला वळतात. गोळ्यांची जाळी असेल तर कमी फ्रीक्वेन्सीवर स्टोरेज मॉड्युलस, म्हणजे लवचीक कडकपणा, सपाट राहतो. मांडणी मोडली की धाडकन पडतो.