स्पेक्ट्रमवर असेंब्लीत गेम लिहिताय? या चुका टाळा

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२ चा घरगुती कॉम्प्युटर. आपल्याकडे १९८६ ला डेसिबेल्सने लायसन्सवर स्पेक्ट्रम प्लस आणला होता, त्यामुळे एखाद्याच्या माळ्यावर तो अजूनही निघतो, आणि आता एम्युलेटर (पीसीवर जुनं मशीन चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) फुकट, असेंब्लर (असेंब्ली कोड मशीनच्या भाषेत बदलणारा) फुकट म्हटल्यावर बरेच जण हौसेने त्यावर कोड लिहायला बसतात. बसा की! फक्त ती ४८के रॅम तुम्हाला एकट्याला मिळालेली नाहीये हे आधी डोक्यात पक्कं करा. रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्रॅम) तिच्यात आपलं सामान ठेवते आणि स्क्रीन काढणारी यूएलए चिप खालच्या १६के मध्ये सारखी वाचत बसते. "लॉजिक बरोबर आहे पण क्रॅश होतं" वाली निम्मी प्रकरणं यातनंच निघतात.

सगळ्यात रडवणारी चूक म्हणजे आयवाय रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा) वापरणं. रॉमचं इंटरप्ट रूटीन (तुमचं काम मध्येच थांबवून चालणारा कोड) सेकंदाला ५० वेळा चालतं आणि आयवायमध्ये २३६१० हाच पत्ता आहे असं धरून चालतं. तुम्ही त्यात शत्रूंच्या टेबलचा पत्ता टाकलात तर नुसतं बघत बसलात तोवर काही होत नाही, बटण दाबलं की मात्र रॉम "नवीन की आली" असा बिट सरळ तुमच्या टेबलात सेट करून मोकळी, मग कधी शत्रू गायब तर कधी त्याचा रंगच बदलला, आणि तुम्ही आपले ड्रॉइंगचा कोड तपासत बसता. आयएक्स या दुसऱ्या रजिस्टरवर भागवा. आयवाय लागलाच तर आधी डीआय (इंटरप्ट बंद), काम झालं की परत २३६१० भरा, मगच ईआय (इंटरप्ट चालू). तसंच बेसिकला परत जायचं असेल तर ईएक्सएक्स (रजिस्टरचा दुसरा संच पुढे आणणारी सूचना) ने मिळणाऱ्या दुसऱ्या एचएल रजिस्टरमध्ये १००७२ असायला हवं, नाहीतर परतताना मशीन गेलंच म्हणून समजा. आणि डीआय करून हॉल्ट (इंटरप्ट येईपर्यंत थांब) दिलात तर ते कायमचं हॉल्ट, इंटरप्ट येणारच नाही ना!

यावर बरेच जण आयएम २ (इंटरप्टचा एक मोड, यात रूटीनचा पत्ता तुमच्या टेबलातून घेतला जातो) वापरून स्वतःचं इंटरप्ट रूटीन लावतात. चांगलंय, पण टेबल २५६ बाइटचं नाही तर २५७ बाइटचं करा, शेवटचा व्हेक्टर (रूटीनचा पत्ता) एक बाइट पुढे जातो. ६५०२४ पासून २५७ बाइट २५३ ने भरायचे, ६५०२१ ला जंप ठेवायची, आय रजिस्टरमध्ये २५४, झालं काम. आयमध्ये ६४ ते १२७ मधली किंमत चुकूनही नको, खऱ्या मशीनवर स्क्रीनभर बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात आणि कधीकधी हँगही होतं. अजून एक, लोड करायच्या आधी बेसिकमध्ये क्लिअर ३२७६७ द्या. दिलं नाही तर स्टॅक (परतीचे पत्ते वगैरे तात्पुरते ठेवायची जागा) ६५३६७ च्या खालीच राहतो, छोट्या प्रोग्रॅमला चालून जातं, डेटा वाढत वर गेला की एक दिवस स्टॅकवरच चढतो.

आता स्पीड. १६३८४ ते ३२७६७ या पट्ट्यात कोड ठेवला तर यूएलए प्रोसेसरला थांबवत राहते, म्हणून टायमिंगचा कोड ३२७६८ च्या वर. त्यात "बॅकबफरमध्ये (स्क्रीनबाहेरच्या मेमरीत) काढतो आणि एलडीआयआर या कॉपीच्या सूचनेने अख्खी स्क्रीन कॉपी करतो" हा प्लॅन तर सगळ्यांनाच सुचतो, पण गणित बघा, ६१४४ बाइट, बाइटला २१ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), म्हणजे जवळपास १ लाख २९ हजार, आणि एका फ्रेममध्ये असतात फक्त ६९,८८८. बसतच नाही. जे हललंय तेवढंच पुसा आणि काढा, तेही हॉल्टनंतर लगेच, कारण पहिली ओळ यायला साधारण १४ हजार टी-स्टेट मिळतात.

स्प्राइटचे (हलणाऱ्या चित्राचे) तुकडे स्क्रीनभर विखुरले तर तुम्ही खालच्या ओळीसाठी ३२ मिळवताय. एका कॅरेक्टरच्या (८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनाच्या) आत खालची ओळ २५६ पुढे असते, म्हणजे नुसतं एच (एचएलमधल्या पत्त्याचा वरचा बाइट) एकने वाढवा, आठ ओळी झाल्या की वेगळा हिशोब आणि स्क्रीनच्या २०४८ बाइटच्या एक तृतीयांश भागाची हद्द आली की आणखी वेगळा. प्रत्येक ओळीचे पत्ते आधीच काढून लुकअप टेबल करा, डोकं शांत राहील.

एम्युलेटरवर कीबोर्ड मस्त चालतो आणि खऱ्या मशीनवर गेम सुरूच होत नाही? कीबोर्डचा पोर्ट २५४ वाचून अख्खा बाइट २५५ शी तुलना केली असेल. इश्यू २ बोर्डवर (इश्यू म्हणजे मशीनच्या बोर्डची आवृत्ती) काही दाबलेलं नसताना २५५ येतं, इश्यू ३ वर १९१. खालचे पाचच बिट घ्या, अँड ३१. एम्युलेटरमध्ये दोन्ही इश्यू निवडून एकदा टेस्ट कराच.

खऱ्या मशीनला घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका, स्पेक्ट्रमच्या पिनचा मधला भाग मायनस असतो आणि आजचे बहुतेक अडॅप्टर उलटे. कॅसेटऐवजी फोनवरून आवाज वाजवून गेम लोड करत असाल तर एमपी३ नको, वेव्ह फाइल घ्या, इक्वलायझर बंद, आवाज जवळजवळ फुल, आणि फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर व्हॉट्सॲपची एक टिंग वाजते आणि टेप लोडिंग एरर येऊन सगळं पहिल्यापासून.