महिनाभरात कादंबरीचा पहिला खर्डा: एकमेकांच्या सोबतीने

1999 च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बॅटी हा लेखक आणि त्याचे मित्र, असे एकूण 21 जण महिनाभरात कादंबरी लिहायची असं ठरवून बसले. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात गेला, कारण तिकडे तेव्हा हवा कुंद असते आणि माणसं घरात असतात. पुढे 'नॅनोरायमो' (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) नावाने तो जगभर पसरला: 30 दिवस, 50,000 शब्द. ती संस्था 2025 मध्ये बंद झाली. पण चार जण एकत्र आले तर ही पद्धत आजही तशीच चालते. आम्ही पाच जणांनी ती मराठीत करून पाहिली, त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर आपल्या कामाचा नाही. दिवाळी त्यात किंवा त्याला लागून येते, मग लग्नसराई. मी जुलै सुचवेन. पाऊस असतो, रविवारी बाहेर पडणं नको वाटतं, शाळांची सुरुवातीची धावपळ ओसरलेली असते आणि गणपतीला अवकाश असतो.

मग आकडा. 50,000 ला 30 ने भागलं की रोजचे 1,667 शब्द येतात. हा हिशेब इंग्रजीचा आहे, तो जसाच्या तसा घेऊ नका. 'घरासमोरच्या अंगणात' हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेच सांगायला सात-आठ लागतात. विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दाला जोडूनच लिहितो, त्यामुळे मराठीतले तीस हजार शब्द बऱ्यापैकी भरतात. आम्ही रोज 1,200 शब्द आणि लिहिण्याचे 26 दिवस धरले. होतात 31,200. उरलेले पाच दिवस पाहुणे, ताप आणि ऑफिसच्या कामासाठी आधीच सोडून दिले. ही मोकळीक ठेवाच, नाहीतर पहिला खाडा पडला की माणूस खचतो.

माणसं चार ते सहा असावीत. सगळ्यांनी एकाच प्रकारचं लिहायला हवं असं नाही. नियम मात्र एकच आणि कडक ठेवा: महिनाभर फक्त शब्दसंख्या सांगायची, मजकूर कुणालाही दाखवायचा नाही. हे आम्ही ठेच लागून शिकलो. सहाव्या दिवशी आमच्यातल्या एकीने पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. सगळ्यांनी मनापासून, आपुलकीने सूचना केल्या. त्या रात्री ती प्रकरण दुरुस्त करायला बसली आणि पुढचे नऊ दिवस त्याच प्रकरणात अडकली. सूचना चुकीच्या नव्हत्या, फार लवकर आल्या होत्या. कच्च्या खर्ड्यावर बाहेरची नजर पडली की लिहिणारा पुढे जायचं सोडून मागे वळतो.

सुरू करण्याआधीच्या आठवड्यात अर्ध्या पानाचं टिपण करा. मुख्य माणसाला काय हवंय, ते कोण किंवा काय मिळू देत नाही, आणि शेवटचा प्रसंग साधारण कुठे घडतो. बस. जास्त आराखडा केला की लिहिण्याची भूक त्यातच भागते.

रोजची बैठक आमची अशी असायची. रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल, कॅमेरे बंद. एक जण 'सुरू' म्हणायचा आणि पंचवीस मिनिटं फक्त कळफलकाचे आवाज. कुणाच्या तरी खिडकीतून पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा. मग पाच मिनिटं चहा, पुन्हा पंचवीस. शेवटी प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा: सातशे चाळीस, नऊशे दहा, एकशे साठ. एकशे साठ म्हणणाऱ्यालाही 'छान, उद्या भेटू' एवढंच. एकट्याने बसले असते तर त्या तासात मी हमखास कपड्यांच्या घड्या घातल्या असत्या.

लिहिताना मागचं वाचायचं नाही. माहिती अडली तर शोधायला उठू नका, तिथेच कंस टाका. माझ्या खर्ड्यात असं वाक्य आहे: 'वसुधा (तहसील कचेरीत दाखल्याची खिडकी कुठे असते ते बघणे) रांगेत उभी राहिली.' असे कंस शेवटी चाळीसेक निघाले आणि दोन दुपारींत भरून झाले. रोज थांबताना वाक्य अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी ते पुरं करताना हात आपोआप चालू लागतो. टंकलेखनाचा कंटाळा आला तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलूनही लिहिता येतं, विशेषतः संवाद. विरामचिन्हांची चिंता तेव्हा करू नका.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गाडी रुततेच. नवेपण संपलेलं असतं आणि शेवट दिसत नसतो. अशा वेळी क्रमाने लिहायचा हट्ट सोडा. जो प्रसंग लिहायला तुम्ही आसुसला आहात, मग तो शेवटून दुसरा का असेना, तो आज लिहा. किंवा अजून न भेटलेली दोन पात्रं एका खोलीत आणा, बाहेर पाऊस लावा, दार उघडू देऊ नका. आणि गटातलं कुणी दोन दिवस दिसलं नाही तर मेसेज न करता फोन करा. आकडा विचारू नका, 'आज साडेनऊला येतेस ना?' एवढंच विचारा.

31 तारखेला आकडा पुरा झाला नाही तरी जेवढं आहे ते जपून ठेवा, दोन ठिकाणी. 1 ऑगस्टला सगळे भेटा आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकच पान वाचा. सूचना त्या दिवशीही नकोत. मग फाइल बंद. गणपती उठले की छापील प्रत काढा आणि पहिल्यांदा ती पेन हातात न घेता सलग वाचा.