घरच्या घरी मॅनिक्युअर, भांडी घासणाऱ्या हातांसाठी

नेलपेंट लावल्यावर दोन दिवसांत टवके उडायला लागले की आपण म्हणतो पेंटच हलका होता, पण बऱ्याचदा घोळ पाण्याचा असतो. नख पाणी शोषतं आणि जरासं फुगतं, त्यामुळे हात साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवून लगेच रंग लावला की नंतर नख वाळून मूळ आकारात येतं, रंग मात्र फुगलेल्या नखाच्या मापाचा असतो, तो सुटणारच. म्हणून घरी करताना तो पाण्याचा टब सरळ बाद करा. अगदीच हौस असेल तर आदल्या रात्री बुडवा.

आधी जुना रंग काढा. रिमूव्हरचा कापूस घासत बसायचं नाही, नखावर आठ-दहा सेकंद दाबून धरायचा आणि टोकाकडे ओढायचा. अ‍ॅसिटोनवाला पटकन काढतो पण नख कोरडं करतो, बिनअ‍ॅसिटोनवाला हळू काम करतो, घाई नसेल तर तोच बरा. आणि हे काम ओट्याशी गॅस चालू असताना किंवा देवघरात समई तेवत असताना करू नका, अ‍ॅसिटोन भसकन पेट घेतो.

हळदीच्या पिवळ्या नखांवर लिंबू चोळा असं सगळीकडे सांगतात, मला ते पटत नाही. साल निघालेली असेल तर झोंबतं ते वेगळंच, पण लिंबाचा रस लागलेला हात तसाच उन्हात गेला तर कातडीवर काळे डागही पडू शकतात. हळदीचा रंग तेलात विरघळतो, त्यामुळे आधी खोबरेल चोळा आणि मग साबणाने हात धुवा, उरलासुरला रंग उन्हाने आपोआप उडतो. पण पिवळेपणा गडद नेलपेंट बेस कोटशिवाय (म्हणजे रंगाखालच्या पारदर्शक थराशिवाय) लावल्याचा असेल तर तो घासून जात नाही, नख वाढेल तसाच जातो. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन नख यायला सहाएक महिने.

कापताना नेलकटरने एकदम मोठा घास घेऊ नका, थोडं थोडं कापा. मग फाइल, तीही एकाच दिशेने, करवतीसारखी पुढेमागे नाही, तशाने टोकाला पापुद्रे सुटतात. नेलकटरला जोडलेली लोखंडी खरबरीत फाइल विसरा, काचेची घ्या, धुता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. रोज कणिक मळणाऱ्यांनी नखं आखूडच ठेवावीत असं माझं स्पष्ट मत आहे, कोपरे तेवढे गोल करा.

आता क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी. हे कापू नका. पार्लरवाली कापते म्हणून आपणही कापायचं असं काही नाही. नख आणि कातडी यांच्यामधली फट बंद ठेवायचं काम तेच करतं, ते कापलं की जंतूंना आत जायला वाट मिळते आणि मग नखुरडं होतं, बोट सुजतं, ठणकतं, पू होतो, त्यात आपले हात दिवसभर ओले. त्यापेक्षा अंघोळीनंतर कातडी मऊ असतेच, तेव्हा तेलाचा थेंब लावून टॉवेलच्या कोपऱ्याने हलकेच मागे सारा. कडेची साल सुटली असेल तर दातांनी ओढायची नाही, स्वच्छ छोट्या कात्रीने मुळाशी न जाता कापा. डायबिटीस असणाऱ्यांनी तर इथे जास्त कोरूच नये.

रंग लगेच नाही, दुपारी लावा, जेवणाची भांडी आवरल्यावर हात चांगले कोरडे झाले की. आधी प्रत्येक नखावरून रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवा, तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. बाटली हलवू नका, बुडबुडे होतात, तळहातांत घोळवा. बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ हात, मधे पाच-दहा मिनिटं थांबून, मग टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. ब्रश आधी मधून, मग दोन्ही बाजूंनी, कातडीपासून केसभर अंतर सोडून, आणि शेवटी नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवायचा. ही धार बहुतेकजणी सोडतात आणि टवका पहिला तिथूनच उडतो. उजव्या हाताला लावताना हात टेबलावर टेकवा आणि ब्रशपेक्षा बोट फिरवा, सोपं जातं. वरून कोरडं वाटलं तरी आतून घट्ट व्हायला काही तास लागतात, झोपायच्या आधी लावलं तर सकाळी नखांवर चादरीची नक्षी नक्की.

लॅम्पसकट मिळणारे घरगुती जेल किट, म्हणजे लॅम्पखाली सुकवायचं जेल नेलपेंट, मी तरी सुचवणार नाही. न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की सहसा कायमची, वर त्याच जातीची केमिकल्स दातांच्या फिलिंगमध्येही वापरतात, म्हणजे पुढे तिकडेही पंचाईत.

टिकवायचं असेल तर भांडी घासताना रबरी हातमोजे आणि दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात, रात्री नखाच्या मुळाशी तेल. एखादा टवका उडालाच तर तिथली कड फाइलने सपाट करून तेवढ्यावरच रंगाचा ठिपका द्या, वर टॉप कोट. तीन-चार नखांचे उडाले तर मात्र ठिगळं लावत बसू नका, सगळंच काढा.