लेबल नसलेल्या बाटलीचा ठावठिकाणा: जुनी पोर्ट आणि मदीरा ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

जुन्या वाइनच्या लिलावासाठी आलेल्या बाटल्या तपासायच्या, त्यांचं मूळ शोधायचं आणि नोंद लिहायची, हे माझं काम. या कामात नव्यानं येणारे बहुतेक जण आधी लेबलाकडे धाव घेतात, आणि लेबल नसलं किंवा निम्मं फाटलेलं असलं की गोंधळतात. पोर्ट (पोर्तुगालची), मदीरा (पोर्तुगालच्या मदीरा बेटाची) आणि शेरी (स्पेनची) या मद्यार्क घालून कडक केलेल्या वाइन. त्यांच्या जुन्या बाटल्यांच्या बाबतीत लेबल मी सर्वांत शेवटी वाचते. ते सहज निघतं, सहज चिकटवता येतं आणि बऱ्याचदा ते वाइन करणाऱ्याचं नसतंच.

जुन्या बाटलीमागे तीन वेगळे लोक असू शकतात: वाइन तयार करून पाठवणारा, ती बाटलीत भरणारा आणि विकणारा. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली वाइन नदीच्या मुखाशी असलेल्या विला नोव्हा द गायाच्या कोठारांत यायची आणि तिथून साधारण साडेपाचशे लिटरच्या लाकडी पिंपांतून ब्रिटनला जायची. विंटेज पोर्ट, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, काढणीनंतर दोनेक वर्षांनी बाटलीत भरतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ब्रिस्टल, लंडन, लीथ इथले व्यापारी आपापल्या तळघरांत करत आले. ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर भरलं गेलेलं शेवटचं महत्त्वाचं साल १९७०. त्यानंतर नियम बदलला आणि विंटेज पोर्ट पोर्तुगालमध्येच भरणं सक्तीचं झालं. त्यामुळे बाटलीवर ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याचं नाव असेल तर त्यावरून ती कोणी भरली किंवा विकली एवढंच कळतं. वाइन कोणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

शिवाय व्यापारी पुष्कळदा लेबल लावतच नसत. बाटल्या तळघराच्या कप्प्यात आडव्या रचायच्या आणि कप्प्यावर एक चिनीमातीची पाटी टांगायची. म्हणून लेबल नसणं हे संशयाचं कारण धरू नका. अशा बाटलीच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा दिसतो. आडवी ठेवताना कोणती बाजू वर असावी, याची ती खूण. साका (वाइनमधला गाळ) विरुद्ध बाजूला धरतो, म्हणून बाटली हलवली तरी पुन्हा त्याच बाजूनं ठेवता यावी. मला हा फटकारा दिसला की बरं वाटतं, कारण बाटली तळघरात नीट सांभाळली गेली असण्याची शक्यता वाढते.

आता बूच. माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तुमचाही जायला हवा. चांगल्या पोर्टचं बूच लांब असतं आणि त्यावर पाठवणाऱ्या कंपनीचं नाव व साल डागलेलं असतं. ते वाचायला बाटली उघडावी लागत नाही. तोंडावर शिशाचं आवरण असेल तर मालकाची परवानगी घेऊन ते बाजूनं अलगद उकलायचं, मानेमागे बारीक पण प्रखर टॉर्च धरायचा आणि बाटली हळूहळू फिरवत प्रत्येक कोनातून फोटो घ्यायचा. एकाच फोटोत पूर्ण नाव क्वचितच मिळतं. अक्षरं तुटक येतात, ती कागदावर जशीच्या तशी उतरवा. अंदाजानं गाळलेल्या जागा भरू नका. उकललेलं आवरणही फेकायचं नाही. त्याच्या माथ्यावर व्यापाऱ्याचं नाव उठवलेलं असतं, आणि तो बाटली भरणाऱ्याचा थेट पुरावा.

साल वाचताना ३ आणि ८ हमखास एकसारखे दिसतात. इथे इतिहास मदतीला येतो. पोर्टमध्ये दर वर्षी विंटेज जाहीर होत नाही; साल चांगलं गेलं तरच घराणी, म्हणजे पोर्ट पाठवणाऱ्या कंपन्या, ते जाहीर करतात. १९२७, १९४५, १९५५, १९६३, १९७० ही बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेली सालं. उलट १९३१ मध्ये फार थोड्यांनी जाहीर केलं, आणि त्यांत किंता दो नोव्हाल सर्वांत प्रसिद्ध. बुचावर १९६३ की १९६८ असा पेच पडला तर ६३ कडे झुकायला कारण आहे. पण तो पुरावा नव्हे, दिशा आहे. नोंदीत तसंच लिहा.

नावांचीही एक वही ठेवा. बुचावर घराण्याच्या लोकप्रिय नावाऐवजी कंपनीचं नाव असू शकतं. सिल्वा अँड कोसेन्स म्हणजे डाऊ हे पोर्टचं घराणं. गिमाराएन्स दिसलं तर फोन्सेकाचा विचार करा. ए. जे. दा सिल्वा ही नोव्हाल पाठवणारी कंपनी, १९७३ मध्ये तिनं नाव बदललं. अशी माहिती एकदा जमवली की जुन्या किंमतपत्रिका आणि लिलावाच्या याद्या एकदम बोलायला लागतात.

काचेकडे वळा, पण मर्यादा ओळखून. ब्रिस्टलच्या रिकेट्सनं १८२१ मध्ये तीन भागांच्या साच्याचं पेटंट घेतलं. अशा बाटलीच्या खांद्यावर आडवी जोडरेघ असते आणि कधी बुडावर कारखान्याचं नाव उठवलेलं सापडतं. उभी जोडरेघ थेट ओठावरून गेली असेल तर बाटली यंत्रावर बनलेली, म्हणजे विसाव्या शतकातली असण्याचीच शक्यता जास्त. ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं. रेघ मानेतच विरली असेल तर ओठ हातानं घडवलेला. मात्र काच बाटलीचं वय सांगते, वाइनचं नाही. बाटल्या धुऊन पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे जुन्या काचेत नवी वाइन असणं सहज शक्य आहे.

लेबलाचा तुकडा उरला असेल तर मोठी अक्षरं सोडा आणि बारीक मजकूर वाचा. मापाशेजारी युरोपचं छोटं ‘ई’ चिन्ह असेल तर लेबल १९७० च्या दशकाच्या मध्याआधीचं नाही. ४/५ क्वार्ट असं माप अमेरिकेतल्या विक्रीचं आणि १९७९ च्या आधीचं, कारण त्या वर्षापासून तिथे मेट्रिक मापं सक्तीची झाली. पत्त्यातला पिनकोड, राजाच्या की राणीच्या नावानं मिळालेला मानाचा शिक्का, हेही तपासा. ‘ब्रिटिश शेरी’ असं लिहिलं असेल तर ती स्पेनच्या हेरेसची नाहीच. बाहेरून आणलेल्या द्राक्षरसापासून ती ब्रिटनमध्ये बनायची, आणि हे नाव १९९५ अखेरपर्यंतच वापरता आलं.

मदीरासाठी यातल्या बऱ्याच सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. तिथे बाटलीवर पांढऱ्या रंगानं, कापलेल्या साच्यातून, थेट अक्षरं उमटवलेली असतात: द्राक्षाची जात, साल आणि कधी फक्त दोन-तीन आद्याक्षरं. सर्सियाल, वेर्देल्यो, बोआल, माल्वाझिया आणि दुर्मिळ तेरांतेझ ही नावं ओळखीची करून घ्या. सालाच्या आधी ‘सोलेरा’ असेल तर ते मिश्रण सुरू झाल्याचं साल, काढणीचं नव्हे. लेबलावर ब्लँडी, लिकॉक, कोसार्ट गॉर्डन अशी वेगवेगळी घराणी दिसली तरी ती पुढे एकाच संघात सामील झाली (कोसार्ट १९५३ मध्ये), त्यामुळे नाव आणि कोठार यांची जोडी काळ पाहूनच लावायची.

आणखी एक मोठा फरक आहे. मदीरा पिंपात आणि नंतर काचेच्या मोठ्या फुगीर बरण्यांत दशकानुदशकं राहते आणि फार उशिरा बाटलीत उतरते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातलं साल आणि विसाव्या शतकातली बाटली, यात काहीही वावगं नाही. हीच विसंगती विंटेज पोर्टमध्ये दिसली तर मी लगेच थांबते. पोर्टमधला अपवाद कोल्येताचा, म्हणजे एकाच सालाच्या पण पिंपात मुरवलेल्या पोर्टचा: ती किमान सात वर्षं, कित्येकदा त्याहून फार अधिक, पिंपात राहते. म्हणून तिच्या लेबलावर बाटलीत भरल्याचं साल शोधायचं.

फार मोलाच्या बाटलीसाठी प्रयोगशाळाही आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेलं सीझियम-१३७ बाटली न उघडता गॅमा किरणांवरून मोजता येतं. ते सापडलं तर आतली वाइन अणुयुगापूर्वीची नाही. पण कोणत्या घराण्याची, हे ती चाचणी सांगत नाही.

नोंद लिहिताना पाहिलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवा. ‘विंटेज पोर्ट. बुचावर १९५५ स्पष्ट, पाठवणाऱ्याचं नाव अवाच्य. आवरणावर व्यापाऱ्याचं नाव, ब्रिटनमध्ये भरलेली असावी.’ एवढी नोंद पुरेशी आहे आणि प्रामाणिक आहे. घराण्याचं नाव जोडून किंमत वाढवण्याचा आग्रह झाला तरी ‘असावी’च्या जागी ‘आहे’ लिहू नका. विकत घेणारा तुमच्या त्या एका शब्दावर पैसे मोजत असतो.

बाटली कधी उघडली जाणार असेल तर मालकाला बूचकाढू न वापरण्याची विनंती करा. जुनं बूच त्यानं भुगा होतं. पोर्टसाठीचा चिमटा तापवून लाल करायचा, बुचाच्या खाली मानेवर मिनिटभर धरायचा, मग त्याच जागी गार पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा ओला ब्रश लावायचा. मान सरळ रेषेत तुटते आणि बूच काचेच्या तुकड्यात अखंड राहतं. वाइन गाळून घ्यायची, बूच काढून सावलीत वाळवायचं, चारी बाजूंनी फोटो घ्यायचे आणि ते आधीच्या नोंदीला जोडायचे. त्याच पेटीतल्या उरलेल्या बाटल्यांची ओळख पटवायला याहून चांगला पुरावा मिळत नाही.