ब्राउझरमध्ये राहिलेली आपली नावं-नंबर पुसायची कशी

आमच्या कर्नाटकातलं खानापूर घ्या, निपाणी घ्या, सेवा सिंधूचा (सरकारी सेवांच्या साईटचा) अर्ज असो की शेताची आरटीसी (सातबाऱ्यासारखा उतारा) काढायची असो, कितीतरी लोक झेरॉक्सच्या दुकानातल्या कंप्युटरवरच काम उरकतात. आणि तिथं मोबाईल नंबरच्या रकान्यात नुसतं ९ दाबलं की खाली अख्ख्या गल्लीचे नंबर उघडतात बघा. ही यादी वेबसाईटकडं नसते, त्या कंप्युटरच्या ब्राउझरकडं, म्हणजे क्रोम-फायरफॉक्सकडं असते, म्हणून साईटवरनं लॉगआउट केलं तरी ती जात नाही.

एकच नोंद उडवायची तर सगळं पुसायची गरजच नाही. रकान्यात क्लिक करा, यादी उघडली की कीबोर्डवरच्या खालच्या बाणानं आपल्या नंबरवर या, एंटर दाबायचा नाही, शिफ्ट धरून डिलीट दाबा, गेला. फायरफॉक्समध्ये विंडोजवर नुसत्या डिलीटनंही जातो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन (Fn) लिहिलेलं बटन पण धरावं लागतं. क्रोममध्ये वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये येणाऱ्या जुन्या साईटीपण अशाच काढता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सगळंच साफ करायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकदम दाबा. मेनू कन्नडमध्ये असला तरी ही बटनं तीच राहतात, आतली टिकमार्कं वाचायला मात्र दुकानदाराला हाक मारा. क्रोमच्या यादीत ऑटोफिल फॉर्म डेटा (म्हणजे फॉर्ममध्ये भरलेली माहिती) शोधा, काही व्हर्जनमध्ये त्यासाठी आधी अ‍ॅडव्हान्स्डवर जावं लागतं. दुकानात असाल तर वेळ लास्ट अवर ठेवा, घरच्या कंप्युटरवर ऑल टाइम चालेल. पासवर्ड्सवर टिक असेल तर ती आधी काढा, नाहीतर दुकानदाराचे सेव्ह केलेले पासवर्ड उडतील आणि मग तुमचं काही खरं नाही. घरीसुद्धा सिंक (कंप्युटर आणि मोबाईलवरची माहिती सारखी ठेवणारी सोय) चालू असेल तर पासवर्ड मोबाईलवरनंपण जातात.

फक्त घरचा पत्ता किंवा बँकेचं कार्डच काढायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ऑटोफिल उघडून तिथं एकेक बघून काढा.

गुगलवर सर्च करताना घड्याळाचं चित्र असलेले जुने शब्द येतात ना, त्यातले बरेच तुमच्या गुगल अकाउंटमध्ये असतात, ब्राउझर कितीही पुसला तरी ते परत येणारच. मोबाईलवर त्या शब्दावर बोट दाबून धरलं की काढायचं विचारतं. सगळे काढायचे तर अकाउंटमधली माय अ‍ॅक्टिव्हिटी उघडा, तिथं ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप डिलीट व्हायचं सेटिंगपण आहे, ३ लावून टाका म्हणजे कटकट नको.

पुढच्या वेळी दुकानात क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन दाबून इन्कॉग्निटोत, म्हणजे खासगी खिडकीत, फॉर्म भरा, त्यात लिहिलेलं सेव्ह होत नाही, फक्त शेवटी खिडकी बंद करा. डाउनलोड केलेली आधारची पीडीएफ मात्र तशीच राहते, ती डाउनलोड्समधनं आणि मग रिसायकल बिनमधनंपण काढूनच दुकानातनं उठा.