लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करताय? आधी त्वचा बघा

राजारामपुरीत घरूनच हिशेबाचं काम करते मी. गेल्या थंडीत रिटर्न भरायच्या दिवसांत गोधडी पांघरून, लॅपटॉप मांडीवर घेऊन रात्री बारापर्यंत बसायचे. महिन्याभरानं डाव्या मांडीवर तांबूस-तपकिरी जाळी उमटली, मासे धरायच्या जाळ्यासारखी. खाज नाही, दुखणं नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं: एरिथेमा ॲब इग्ने. पूर्वी चुलीशेजारी, शेगडीपाशी तासन्‌तास बसणाऱ्यांना व्हायचा तोच त्रास. ४३ ते ४७ अंशांची ऊब भाजत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. पण रोज लागली की त्वचा बिघडते.

तेव्हा लॅपटॉप टेबलावरच ठेवा. टेबल नसेल तर पाट किंवा पोळपाट चालेल, उशी नको. खालची हवेची भोकं बुजतात आणि यंत्र जास्तच तापतं. डाग नवा असेल तर ऊब थांबवल्यावर हळूहळू फिकटतो, माझा चार महिन्यांत गेला. जुना डाग राहिला, खरखरीत झाला किंवा तिथं जखम झाली, तर डॉक्टरांना दाखवाच. क्वचित त्यातून कॅन्सरही होतो.

एसीत बसत असाल तर हात धुतल्यावर लगेच मॉइश्चरायझर लावा. हनुवटीला हात टेकून बसायची सवय सोडा, पुटकुळ्या तिथंच येतात. कीबोर्ड, हेडफोन पुसत जा. स्क्रीनच्या निळ्या उजेडासाठी महागडी क्रीम मात्र घेऊ नका. उन्हापुढं तो उजेड काहीच नाही. खिडकीशी बसत असाल तर साधं सनस्क्रीन लावा.