पोर्ट फॉरवर्डिंग लावलं, तरी घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही?

नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर वेबसाइट ठेवली, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा रूल (बाहेरून आलेली मागणी त्या कॉम्प्युटरकडे वळवणारी सूचना) टाकला आणि तरी पान उघडत नसेल, तर तो रूल पुसून पुन्हा लिहीत बसू नका. सर्व्हरपासून निघून बाहेरच्या दिशेने तपासत या.

आधी त्याच कॉम्प्युटरवर पान उघडा. मग घरच्या वायफायवरच्या मोबाइलमध्ये सर्व्हरचा आतला पत्ता टाका, समजा १९२.१६८.१.५०. कॉम्प्युटरवर उघडतं पण मोबाइलवर नाही, म्हणजे एकतर कॉम्प्युटरची फायरवॉल (बाहेरची कनेक्शन रोखणारी सुरक्षा) अडवतेय किंवा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर लिसन करतोय, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरून आलेल्या मागणीलाच उत्तर देतोय. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता ०.०.०.० करा, म्हणजे तो सगळीकडून येणाऱ्या मागण्या घेईल.

हा आतला पत्ता राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (एका कॉम्प्युटरला कायम तोच पत्ता देण्याची सोय) पक्का करून टाका. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते-येते. राउटर चालू होऊन सर्व्हरला दुसराच पत्ता देऊ शकतो आणि रूल जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच शेवटी बघतात. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून येणारा आयपीव्ही४ (टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा) पत्ता त्याच्याशी ताडून पहा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जा. वेगळे असतील आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक घरांत वाटलाय. इथे तुमच्या राउटरमधला कुठलाही रूल कामाचा नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या, नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सोय वापरा. तिच्यात कनेक्शन आतून बाहेर जातं, त्यामुळे पोर्ट उघडावंच लागत नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यामागे तुमचा दुसरा राउटर आहे. डबा ब्रिज मोडवर (तो राउटरचं काम न करता फक्त कनेक्शन पुढे देईल) टाका किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंग लावा. १० ने सुरू होत असेल तर डबा किंवा सीजीनॅट, दोन्ही शक्य आहे, कंपनीला विचारा.

बाहेरून तपासताना मोबाइलचं वायफाय बंद करून डेटा लावा. बऱ्याच राउटरमध्ये हेअरपिन नॅट (आतून सार्वजनिक पत्त्याला केलेली मागणी परत आत वळवण्याची सोय) नसतं, त्यामुळे घरात बसून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता उघडत नाही आणि चालू असलेली साइट बंद वाटते.

एवढं करूनही अडलं तर कंपनीने ८० नंबरचं पोर्ट (वेबसाइटचं नेहमीचं) बंद ठेवलेलं असू शकतं. बाहेरचं ८०८० आतल्या ८० कडे वळवा आणि पत्त्याच्या शेवटी :८०८० लावून बघा. मात्र राउटरचं लॉगिन पान बाहेरून उघडं ठेवू नका.